कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसने हेपरिनमधल्या शर्करांचं विश्लेषण: नवख्यांसाठी पायरीपायरीने

हेपरिन हे रक्त गोठू न देणारं औषध म्हणजे दोन-दोन शर्करांच्या जोड्यांची लांब साखळी. प्रत्येक जोडीत एक युरॉनिक आम्ल (इड्युरॉनिक किंवा ग्लुक्युरॉनिक) आणि एक ग्लुकोसामाइन असतं. जोडीजोडीत फरक पडतो तो मुख्यतः तीन जागांवर: युरॉनिक आम्लाच्या २ क्रमांकाच्या कार्बनवर सल्फेट आहे की नाही, ग्लुकोसामाइनच्या ६ क्रमांकाच्या कार्बनवर सल्फेट आहे की नाही, आणि ग्लुकोसामाइनच्या नायट्रोजनवर सल्फेट आहे की ॲसिटाइल. तीन जागा, प्रत्येकी दोन शक्यता, म्हणून आठ प्रकारच्या जोड्या. साखळीचे तुकडे करायचे, ते कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसने, म्हणजे केसासारख्या बारीक नळीत (कॅपिलरीत) विजेच्या बळावर पळवून वेगळे करायचे आणि या आठांचं प्रमाण काढायचं, हे आपलं काम.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या चाचणीचा निकाल टक्केवारीत देतात, आणि टक्केवारीची बेरीज नेहमी १०० येते. साखळी पूर्ण तुटली असो वा अर्धीच, तक्ता तितकाच व्यवस्थित दिसतो. त्यामुळे किती हेपरिन घेतलं आणि त्यातलं किती जोड्यांच्या रूपात परत मिळालं, हा हिशेब प्रत्येक वेळी मांडायचा. तो जुळत नसेल तर टक्केवारी कितीही देखणी असली तरी ती कुणाला देऊ नका.

आठ जोड्यांची ओळख

या जोड्या सहसा रोमन आकडा आणि अक्षराने ओळखल्या जातात. इथे आपण साधे आकडे वापरू. एस म्हणजे नायट्रोजनवर सल्फेट, ए म्हणजे नायट्रोजनवर ॲसिटाइल. आकडा १ म्हणजे २-ओ (युरॉनिक आम्लाचा २ क्रमांकाचा कार्बन) आणि ६-ओ (ग्लुकोसामाइनचा ६ क्रमांकाचा कार्बन) दोन्ही जागी सल्फेट, २ म्हणजे फक्त ६-ओ, ३ म्हणजे फक्त २-ओ, ४ म्हणजे दोन्ही जागा रिकाम्या. सोडियम क्षाराच्या रूपात त्यांचे रेणुभार असे:

- १-एस (तीन सल्फेट): ६६५
- २-एस आणि ३-एस (प्रत्येकी दोन सल्फेट): ५६३
- ४-एस (एक सल्फेट): ४६१
- १-ए (दोन सल्फेट): ६०५
- २-ए आणि ३-ए (प्रत्येकी एक सल्फेट): ५०३
- ४-ए (सल्फेट नाही): ४०१

डुकराच्या आतड्यातून काढलेल्या हेपरिनमध्ये १-एस सगळ्यात जास्त असतं, अर्ध्याहून अधिक. गायीच्या फुप्फुसातल्या हेपरिनमध्ये त्याचा वाटा आणखी वाढतो आणि ॲसिटाइलवाल्या जोड्या कमी होतात. गायीच्या आतड्यातल्या हेपरिनमध्ये ६-ओ सल्फेट कमी, म्हणून ३-एस ठळकपणे वाढलेलं दिसतं. नमुना कुठला आहे याचा अंदाज इथूनच येऊ लागतो. क्वचित नायट्रोजन मोकळा असलेल्या जोड्याही सापडतात, पण त्यांचं प्रमाण किरकोळ असतं.

पायरी १: साखळी तोडणं

यासाठी हेपरिन लायेज १, २ आणि ३ ही तीन एन्झाइमं एकत्र लागतात. ती मुळात एका जिवाणूपासून मिळाली. जुनं नाव फ्लॅव्होबॅक्टेरियम हेपॅरिनम, आताचं पेडोबॅक्टर हेपॅरिनस. पहिलं एन्झाइम जास्त सल्फेट असलेल्या भागात तोडतं, तिसरं कमी सल्फेटच्या भागात, आणि दुसरं दोन्हीकडे चालतं. एकच वापरलं तर साखळीचे मोठाले तुकडे शिल्लक राहतात.

ही एन्झाइमं दुवा पाण्याने तोडत नाहीत. दुवा तुटताना युरॉनिक आम्लात ४ आणि ५ क्रमांकाच्या कार्बनमध्ये दुहेरी बंध तयार होतो, आणि हाच बंध २३२ नॅनोमीटरला प्रकाश शोषतो. आपल्याला दिसतं ते यामुळेच. पाण्याचा रेणू मिसळत नसल्याने तुकड्याचं वजन साखळीतल्या त्याच जोडीच्या वजनाइतकंच राहतं, म्हणून वरचे रेणुभार पुढच्या हिशेबात जसेच्या तसे वापरता येतात. याची एक किंमतही मोजावी लागते: दुहेरी बंध झाला की ते आम्ल मुळात इड्युरॉनिक होतं की ग्लुक्युरॉनिक, हे कायमचं पुसलं जातं. तो फरक हवा असेल तर एनएमआरकडे (चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना ओळखणारी पद्धत) जावं लागेल.

पचनाचा बफर १०० मिलिलिटर असा करा: निर्जल सोडियम ॲसिटेट १६४ मिलिग्रॅम (२० मिलिमोलर), कॅल्शियम ॲसिटेट ३२ मिलिग्रॅम (२ मिलिमोलर), गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन १० मिलिग्रॅम. सौम्य ॲसिटिक आम्ल किंवा सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.० वर आणा. कॅल्शियम एन्झाइमांना लागतं, विशेषतः पहिल्याला. अल्ब्युमिन नसेल तर इतकं पातळ एन्झाइम नळीच्या भिंतीला चिकटून वाया जातं. फॉस्फेट बफर इथे वापरू नका; फॉस्फेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि पचन रखडतं.

आता पचन:

- हेपरिनचं १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावण पाण्यात करा. हेपरिन हवेतली ओल झपाट्याने ओढतं, म्हणून ओलाव्याचं प्रमाण वेगळं मोजा आणि वजनातून वजा करा.
- प्रत्येक एन्झाइमचं ०.४ आंतरराष्ट्रीय युनिट प्रति मिलिलिटर असं द्रावण वरच्या बफरमध्ये, बर्फावर करा. तिन्ही समान आकारमानात मिसळा.
- लहान नळीत २० मायक्रोलिटर हेपरिन, ८० मायक्रोलिटर बफर आणि १०० मायक्रोलिटर एन्झाइम मिश्रण घ्या. आता हेपरिन १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर झालं.
- नळी घट्ट बंद करून २५ अंश सेल्सियसला ४८ तास ठेवा.
- सोबत एक नळी हेपरिनऐवजी पाणी घालून आणि एक नळी एन्झाइमऐवजी बफर घालून ठेवा. या दोन कोऱ्या नळ्या नसतील तर पुढे अनोळखी पीक (आलेखावरचं टोक) कुठून आलं हे सांगता येत नाही.

युनिटच्या बाबतीत नवखे हमखास फसतात. आंतरराष्ट्रीय युनिट म्हणजे मिनिटाला १ मायक्रोमोल उत्पादन. पण काही कुप्यांवरचं युनिट तासाला ०.१ मायक्रोमोल असं मोजलेलं असतं. म्हणजे एका आंतरराष्ट्रीय युनिटमध्ये तशी ६०० युनिटं मावतात. कुपीवरची व्याख्या न वाचता नुसता आकडा घेतला तर लागणाऱ्या एन्झाइमच्या सहाशेव्या हिश्श्यावर पचन चालवलं जातं, आणि आठवडाभर ठेवलं तरी ते पुरं होत नाही.

तापमान वाढवून वेळ वाचवण्याचा मोह आवरा. ३५-३७ अंशांना वेग वाढतो खरा, पण पहिलं एन्झाइम तिथे लवकर निकामी होतं. संथ पचनच जास्त भरवशाचं.

पचन पूर्ण झालं का, हे आधी पाहा

१० मायक्रोलिटर मिश्रण ४९० मायक्रोलिटर ३० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात टाका. आम्लाने एन्झाइम थांबतं. २३२ नॅनोमीटरला १ सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये शोषण मोजा आणि बिनएन्झाइमच्या व बिनहेपरिनच्या नळीचं वजा करा. मोलर शोषणांक ५५०० धरला तर पूर्ण पचलेल्या नमुन्याला साधारण ०.१५ ते ०.१८ मिळायला हवं. २४, ३६ आणि ४८ तासांना मोजून आकडा स्थिर झाला का ते बघा. स्थिर झाला पण फारच खाली थांबला, तर एन्झाइम मेलं आहे किंवा कशाने तरी अडवलं आहे. त्यात ताजं एन्झाइम घालून पुन्हा पाहा. वर सरकला तर एन्झाइमच कमी पडत होतं.

ही तपासणी गाळण्याच्या आधीच करायची. पुढच्या पायरीतली गाळणी न पचलेल्या लांब साखळ्याही अडवते. तशाही त्या २३२ नॅनोमीटरला जवळपास दिसत नाहीत, कारण त्यांच्यात दुहेरी बंध नसतो. न पचलेलं हेपरिन आलेखावर कुठेच तक्रार करत नाही.

पचन थांबवायला नळी १०० अंशांना २ मिनिटं ठेवा. मग १० किलोडाल्टनच्या गाळणीतून १४,००० जी वेगाने १५ मिनिटं फिरवा आणि खाली उतरलेलं द्रावण घ्या. नव्या गाळणीच्या पडद्यावर ग्लिसरीन असतं, म्हणून ती आधी दोनदा पाण्याने धुवा आणि शेवटचं पाणी नीट काढून टाका, नाहीतर नमुना पातळ होईल. अल्ब्युमिन काढणं टाळू नका. पीएच ३.५ ला त्यावर धन भार असतो आणि ते काचेच्या भिंतीला चिकटतं. मग दर धावेला (यंत्रात नमुना चालवण्याच्या प्रत्येक खेपेला) जोड्या डिटेक्टरपर्यंत पोचण्याच्या वेळा सरकत राहतात.

पायरी २: वाहक बफर

२० मिलिमोलर फॉस्फोरिक आम्ल घेऊन ते डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेटने पीएच ३.५ ला आणायचं. १०० मिलिलिटरसाठी ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल ०.१३७ मिलिलिटर लागतं. त्यात ०.२ मोलर फॉस्फेट (निर्जल २.८४ ग्रॅम १०० मिलिलिटरमध्ये) पीएच मीटर बघत थेंबाथेंबाने घाला. सुमारे ९ मिलिलिटर लागेल. मग पाण्याने १०० मिलिलिटर करा. १ मोलर फॉस्फेट करून ठेवू नका, खोली जरा थंड झाली की त्याचे खडे पडतात. शेवटी ०.४५ मायक्रोमीटरच्या किंवा त्याहून बारीक गाळणीतून गाळा आणि हवा काढून टाका.

दोन गोष्टी ध्यानात असू द्या. या बफरला ‘२० मिलिमोलर’ म्हणत असले तरी घातलेलं फॉस्फेट धरून एकूण सुमारे ३८ मिलिमोलर होतं. वहीत कृती लिहा, नुसता आकडा नको, नाहीतर पुढचा माणूस सरळ २० मिलिमोलर सोडियम फॉस्फेट करेल आणि वेळा जुळणार नाहीत. दुसरं म्हणजे पीएच ३.५ ला फॉस्फेटची पीएच धरून ठेवण्याची ताकद कमी असते, कारण त्याचे पीकेए (ज्या पीएचजवळ ही ताकद सर्वाधिक असते ते आकडे) साधारण २.१ आणि ७.२ आहेत. वीज वाहताना दोन्ही टोकांना आम्ल आणि अल्कली तयार होत राहतात, आणि थोड्याच धावांत व्हायलमधला (कॅपिलरीची टोकं बुडवलेल्या बफरच्या कुपीतला) पीएच ढळतो. दर ४-५ धावांनी दोन्ही व्हायल बदला.

पायरी ३: कॅपिलरी आणि यंत्राची मांडणी

आतून ७५ मायक्रोमीटर व्यासाची, बिनलेपाची सिलिका कॅपिलरी. एकूण लांबी ६० सेंटिमीटर, डिटेक्टरपर्यंत ५० सेंटिमीटर. यंत्रानुसार लांबी थोडी बदलेल. नवी कॅपिलरी १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने २० मिनिटं, ०.१ मोलरने १० मिनिटं, पाण्याने १० मिनिटं आणि वाहक बफरने २० मिनिटं धुवा. दोन धावांच्या मध्ये ०.१ मोलर हायड्रॉक्साइड २ मिनिटं, पाणी २ मिनिटं, बफर ४ मिनिटं.

आता पोलॅरिटी. नमुना ऋण टोकाकडून आत जातो आणि डिटेक्टर धन टोकाजवळ असतो, म्हणजे नेहमीच्या उलट. पीएच ३.५ ला काचेच्या भिंतीवरचा ऋण भार बराच कमी झालेला असतो, म्हणून द्रावणाचा स्वतःचा प्रवाह मंद असतो आणि ऋण भाराच्या शर्करा आपल्या बळावर धन टोकाकडे निघतात. तासभर सपाट रेघच दिसत असेल तर सर्वांत आधी पोलॅरिटी तपासा. ती नेहमीच्या मांडणीत राहिली असेल तर नमुना आल्या पावली मागच्या व्हायलमध्ये परत गेलेला असतो.

बाकी मांडणी: १५ किलोव्होल्ट, कॅपिलरी २५ अंश, शोषण २३२ नॅनोमीटर (यंत्रात ठरावीक फिल्टरच असतील तर २३० चालेल), नमुना ५० मिलिबार दाबाने ५ सेकंद. एवढ्यात सुमारे ३५ नॅनोलिटर आत जातं. प्रवाह ३० ते ४० मायक्रोअँपिअरच्या आसपास आणि धावभर स्थिर हवा. व्होल्टेज वाढवून वेळ वाचतो, पण कॅपिलरी आतून तापते आणि २-एस व ३-एस एकमेकांत मिसळू लागतात. विजेवर नमुना ओढून घेण्याची पद्धत इथे टाळा. तिच्यात जास्त भाराचा तुकडा जास्त आत शिरतो आणि मोजण्याआधीच प्रमाण बिघडतं.

पीक कुणाचं, हे ठरवणं

सर्वांत आधी १-एस येतं, वरच्या मांडणीत साधारण १० मिनिटांच्या आसपास. मग दोन सल्फेटवाले, मग एक सल्फेटवाले, आणि सगळ्यात शेवटी ४-ए, त्याला तिप्पट-चौपट वेळही लागू शकतो. घाईने धाव आधीच थांबवली तर ४-ए नसल्यासारखंच वाटेल. एकाच भाराच्या जोड्या जवळजवळ येतात, विशेषतः २-एस आणि ३-एस. त्यांचा क्रम कुणा दुसऱ्याच्या आलेखावरून उचलू नका. नमुन्यात एका स्टँडर्डची (ओळख पक्की असलेल्या शुद्ध जोडीची) थोडी भर घाला आणि कोणतं पीक उंचावतं ते पाहा. आठही जोड्यांसाठी हे एकदा बैठक मारून केलं की पुढे महिनोन्‌महिने गोंधळ होत नाही.

स्टँडर्ड मिलिग्रॅमभर मिळतात आणि तेही ओल धरतात, त्यामुळे वजनावर विसंबू नका. पाण्यात अंदाजे १ मिलिमोलर द्रावण करा, ३० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात ३० पट पातळ करून २३२ नॅनोमीटरला मोजा आणि ५५०० ने भागून, मग ३० ने गुणून खरी तीव्रता काढा. उणे २० अंशांना लहान लहान वाटण्या करून ठेवा. मोजपट्टी (माहीत असलेल्या तीव्रतेला पीक किती मोठं येतं याचा आलेख) २० ते १००० मायक्रोमोलरपर्यंत ओढा. आत जाणाऱ्या नमुन्याच्या चढउतारासाठी नायट्रोजनवर प्रोपिओनिल असलेली जोडी सगळीकडे सारख्या प्रमाणात घालता येते. ती निसर्गात आढळत नाही, म्हणून नमुन्यातल्या कशाशी तिची गफलत होत नाही.

हिशेब

पीकचं क्षेत्रफळ जसंच्या तसं घेऊ नका. त्याला त्याच्या वेळेने भागा. सगळे तुकडे डिटेक्टरसमोरून एकाच वेगाने जात नाहीत. उशिरा येणारा तुकडा हळू सरकतो, खिडकीसमोर जास्त वेळ रेंगाळतो आणि उगाच मोठा दिसतो. समजा १-एस १० मिनिटांना आलं, क्षेत्रफळ ६०,०००; आणि ४-ए ३० मिनिटांना, क्षेत्रफळ ६,०००. सरळ पाहिलं तर प्रमाण १० : १. वेळेने भागल्यावर ६,००० : २००, म्हणजे ३० : १. एवढी मोठी चूक एका भागाकाराने टळते.

मग मोजपट्टीवरून प्रत्येक जोडीची तीव्रता मिलिमोलरमध्ये काढा आणि रेणुभाराने गुणा. १-एस ०.९५ मिलिमोलर निघालं तर ०.९५ × ६६५ = ६३२ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. आठही जोड्यांची बेरीज करा आणि सुरुवातीच्या कोरड्या वजनाशी, म्हणजे ओलावा वजा केलेल्या आकड्याशी, ताडून पाहा. ८५ टक्क्यांच्या खाली गेली तर टक्केवारी लिहिण्याआधी पचनाकडे परत जा.

पूर्ण पचन होऊनही बेरीज १०० ला पोचत नाही, त्यालाही कारण आहे. ग्लुकोसामाइनच्या ३ क्रमांकाच्या कार्बनवर सल्फेट असेल तर शेजारचा दुवा एन्झाइमांना सहसा दाद देत नाही आणि चार शर्करांचा तुकडा शिल्लक राहतो. अँटीथ्रॉम्बिनला (रक्त गोठणं रोखणाऱ्या रक्तातल्या प्रथिनाला) धरणाऱ्या जागेत हेच सल्फेट असतं, म्हणून हे छोटं पीक औषधाच्या दृष्टीने मोलाचं आहे. कचरा समजून वगळू नका. साखळी प्रथिनाला जिथे जोडलेली असते तिथला गॅलॅक्टोज आणि झायलोजचा तुकडाही असाच वेगळा निघतो.

सरासरी सल्फेट काढायचं तर प्रत्येक जोडीचा मोल टक्का तिच्या सल्फेटच्या संख्येने गुणून बेरीज करा आणि १०० ने भागा. डुकराच्या आतड्यातल्या हेपरिनला साधारण २.३ ते २.७ मिळतं. १-एस इतकं मोठं असतं की १-२ टक्क्यांच्या जोड्या त्याच्यापुढे बेसलाइनमध्ये बुडतात. १-एस मोजायला पातळ नमुना आणि बारीक जोड्यांसाठी न पातळ केलेला नमुना, अशा दोन धावा घेतलेल्या बऱ्या.

बिघडतं कुठे

धाव चालू असताना प्रवाह एकदम शून्यावर आला तर कॅपिलरीत हवेचा बुडबुडा आहे किंवा व्हायलमधला बफर टोकाच्या खाली गेला आहे. बफरमधली हवा पुन्हा काढा आणि दाबाने कॅपिलरी धुवा.

वेळा दर धावेला पुढे सरकत असतील तर व्हायल बदला. तरी थांबलं नाही तर भिंतीला प्रथिन चिकटलंय, १ मोलर हायड्रॉक्साइडने १५ मिनिटं धुवा.

१-एसचं पीक त्रिकोणी आणि एका बाजूला कललेलं दिसलं तर नमुना जास्त झाला. सगळीच पीक्स पसरट असतील तर नमुन्यात क्षार जास्त आहे. पचनाचा बफर वाहक बफरपेक्षा पातळ ठेवण्यामागे हेच कारण आहे.

ॲसिटाइलवाल्या पीकला शेजारी छोटा खांदा दिसला तर ती लगेच अशुद्धी समजू नका. शर्करेच्या मोकळ्या टोकाची अल्फा आणि बीटा रूपं कधी कधी अशी वेगळी होतात. स्टँडर्डलाही तोच खांदा असेल तर दोन्हींचं क्षेत्रफळ एकत्र धरा.

एन्झाइम ताजं आहे, कॅल्शियम आहे, युनिट बरोबर आहेत, तरी पचन अडकतंय, तर नमुन्यावर संशय घ्या. अतिसल्फेटित कॉन्ड्रॉइटिन सल्फेट या एन्झाइमांना अडवतं, आणि स्वतः मात्र त्यांनी तुटत नाही. २००७-०८ मध्ये हेपरिनमध्ये याचीच भेसळ सापडली होती आणि रुग्णांचे जीव गेले होते. जोड्यांच्या आलेखात ते दिसत नाही, म्हणून अशा वेळी न पचवलेला नमुनाही कॅपिलरीतून चालवा: त्याच्या प्रत्येक जोडीवर सुमारे चार सल्फेट असतात, त्यामुळे ते हेपरिनच्या रुंद पीकच्या आधी पोचतं. सोबत एनएमआर करून घ्या.

एनॉक्झापॅरिनसारखं कमी रेणुभाराचं हेपरिन असेल तर त्याच्या साखळ्यांच्या टोकाला दुहेरी बंध आधीपासूनच असतो. न पचवलेल्या नळीचं २३२ नॅनोमीटरचं शोषण तिथे बरंच मोठं येतं. त्यात १,६-ॲनहायड्रो रचनेचे तुकडेही असतात, जे आठ स्टँडर्डपैकी कशाशीच जुळत नाहीत. त्यांची स्टँडर्ड वेगळी मिळवल्याशिवाय त्या नमुन्याला हात घालू नका.